आधी पाण्याचा ताळेबंद, मग पिकाची निवड
हिवरे बाजारच्या अनुभवावरून लहान शेतकऱ्यांनी घ्यावयाचा बोध

शेतकऱ्याच्या घरी धान्याची कणगी असते. सुगीनंतर कणगीत किती पायल्या पडल्या, घरात खाणारी तोंडे किती, बियाण्यासाठी किती राखून ठेवावयाचे आणि बाजारात किती न्यावयाचे, याचा अंदाज घरातील कर्ती बाई मनातल्या मनात बांधीत असते. तो अंदाज चुकला, तर चैत्र-वैशाखात उसनवारीची पाळी येते, हे तिला पुरते ठाऊक असते. परंतु ज्या पाण्यावर ते धान्य पिकते, त्या पाण्याचा असा हिशेब फारच थोड्या गावांत होतो. विहिरीला पाणी दिसले की मोट चालू, आणि आता मोटेच्या जागी विजेचा पंप चालू, हीच सर्वत्र रीत आहे. विहीर हीसुद्धा एक कणगीच होय, आणि ती एकट्याची नसून साऱ्या शिवाराची सामाईक कणगी आहे, ही गोष्ट ध्यानात आल्यावाचून कोरडवाहू भागातील लहान शेतकऱ्याचा संसार स्थिर होणे कठीण आहे.

एका जिल्ह्याची दोन रूपे

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. त्याच्या पश्चिमेस अकोले तालुक्यात सह्याद्रीचा माथा असून कळसूबाई हे राज्यातील सर्वोच्च शिखर त्याच तालुक्यात आहे. तेथे पाऊस मुसळधार पडतो. परंतु घाटमाथा ओलांडून पूर्वेस व दक्षिणेस आले की पर्जन्यछायेचा प्रदेश सुरू होतो. पारनेर, नगर, श्रीगोंदे, कर्जत, जामखेड, पाथर्डी या तालुक्यांत पाऊस थोडा, आणि जो पडतो तोही बेभरवशाचा. कधी मृगात पडून पुढे महिनाभर डोळे वटारतो, तर कधी सारा पाऊस परतीच्या चार दिवसांत कोसळून ओढ्यावाटे निघून जातो.

याच जिल्ह्यात प्रवरा नदीवर भंडारदरा येथे १९२६ मध्ये धरण पुरे झाले, कालवे वाहू लागले, आणि पुढे प्रवरानगर परिसरात पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनी १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला. कालव्याखालील तालुक्यांत उसाचे मळे डोलू लागले. दुसऱ्या बाजूस, पाथर्डी-जामखेडकडील हजारो कुटुंबे दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून ऊसतोडणीस जाऊ लागली. नवराबायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता' असा हिशेब मुकादमाच्या वहीत लिहिला जातो. ज्याच्या रानात पाणी नाही, त्याने दुसऱ्याच्या रानात पाण्यावर पोसलेला ऊस तोडावयाचा, असे हे चक्र आहे.

कालव्याचे पाणी सर्वत्र पोहोचणे शक्य नाही. म्हणून दुष्काळी तालुक्यांतील शेतकऱ्यास आपल्याच शिवारात पडणाऱ्या पावसावर भिस्त ठेवावी लागते. तो पाऊस अडवावा कसा, हे आता बहुतेक गावांस ठाऊक झाले आहे. पण अडविलेले पाणी वापरावे कसे, हा त्याहून अवघड प्रश्न आहे.

लहान शेतकऱ्याची अडचण

दोन एकरांच्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. भावाभावांत वाटणी होऊन जमीन आली आहे. विहीर सामाईक आहे, पाण्याची पाळी ठरलेली आहे. पावसाळा बरा झाला, विहीर काठोकाठ भरली, म्हणून या कुटुंबाने उसनवार करून कांद्याची लागवड केली. शेजारच्या मोठ्या खातेदाराने त्याच वर्षी दोन खोल विंधन विहिरी घेऊन ऊस लावला. पौष सरला तशी सामाईक विहीर तळाशी गेली. कांदा पोसण्याच्या ऐन वेळी पाण्याची पाळी चुकली. बियाणे, खत, मजुरी यांवर झालेला खर्च अंगावर पडला आणि पुढील वर्षी त्या घरातील दोघे कोयता घेऊन बाहेर पडले.

यात आळस कोणाचा, असे विचारले तर कोणाचाच नाही. शेजाऱ्याने आपल्याच जमिनीत विहीर खोदली. परंतु जमिनीवर बांध असतो, तसा जमिनीखाली नसतो. काळ्या पाषाणाच्या थरांतील भेगा आणि मुरूम यांतून पाणी एका रानाखालून दुसऱ्या रानाखाली सरकत असते. जो अधिक खोल जातो, तो शेजाऱ्याच्या रानाखालचेही पाणी ओढतो. मग दुसराही खोल जातो, तिसरा कर्ज काढून त्याहून खोल जातो. या शर्यतीत ज्याच्यापाशी भांडवल कमी, तो पहिल्यांदा हरतो; आणि शेवटी विहिरीच आटल्यावर सारेच हरतात. पाणी अडविण्याची कितीही कामे केली, तरी ही शर्यत चालू असेल तर त्या कामांचा लाभ लहान शेतकऱ्याच्या पदरात पडत नाही.

हिवरे बाजारने काय केले

नगर तालुक्यातील हिवरे बाजार हे डोंगरांच्या कुशीत वसलेले गाव आहे. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर असून सरासरी पाऊस ४०० मि.मी. च्या आसपास आहे. १९७२ च्या भीषण दुष्काळाने या गावाची घडी विसकटली. डोंगरावरील झाडे जळणासाठी तुटली, उघड्या उतारावरून माती वाहून गेली, विहिरी आटल्या आणि लोक कामासाठी गाव सोडू लागले. जे राहिले त्यांच्यात तंटे व व्यसने वाढली.

१९८९ मध्ये गावकऱ्यांनी श्री. पोपटराव पवार या उच्चशिक्षित तरुणास बिनविरोध सरपंच निवडून दिले. प्रारंभी शाळा, वनीकरण व श्रमदान यांना हात घालण्यात आला. १९९४ मध्ये राज्य शासनाच्या आदर्श गाव योजनेत हे गाव समाविष्ट झाले. ग्रामसभेने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री स्वीकारली. डोंगरउतारांवर सलग समतल चर खोदले गेले, ओढ्यांवर मातीचे व दगडी बांध, पाझर तलाव आणि सिमेंटचे बंधारे झाले. रोजगार हमीच्या कामांमुळे गावातल्या हातांना गावातच मजुरी मिळाली.

येथपर्यंतची हकीकत अनेक गावांत थोड्याफार फरकाने घडलेली आहे. याच जिल्ह्यात पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे श्री. अण्णा हजारे यांनी १९७५ नंतर अशीच कामे उभी केली आणि त्यांचा कित्ता पुढे सर्व राज्याने गिरविला. हिवरे बाजारचे विशेष महत्त्व याहून पुढे जाण्यात आहे. पाणी वाढले, तेव्हा त्या गावाने ते हवे तसे उपसण्याची मोकळीक दिली नाही. उलट, ग्रामसभेने ठराव केला की शेतीसाठी विंधन विहीर घ्यावयाची नाही. ऊस व केळी यांसारखी भरमसाट पाणी पिणारी पिके घ्यावयाची नाहीत. आणि गावची जमीन बाहेरच्यास विकावयाची नाही.

याच्या जोडीला २००४ च्या सुमारापासून गावाने दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची पद्धत घातली. भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणेच्या तांत्रिक साहाय्याने पाऊस मोजावयाचा, विहिरींची पातळी मोजावयाची, आणि पावसाळा संपल्यावर उपलब्ध पाण्याची बेरीज गावापुढे ठेवावयाची. त्यातून पहिला वाटा माणसांच्या पिण्याचा, दुसरा जनावरांचा. उरलेल्यापैकी सुमारे ७० टक्के शेतीस व ३० टक्के पुढील काळासाठी भूगर्भात शिल्लक. शेतीच्या वाट्यास जेवढे पाणी आले, त्यावरून त्या वर्षी कोणती पिके व किती क्षेत्रावर घ्यावयाची हे ठरते. पाऊस कमी झाला, तर रब्बीतील पाणीखाऊ पिकांचे क्षेत्र कमी करावयाचे.

या शिस्तीचे फळ आकड्यांत दिसते. १९९५ च्या पाहणीत गावातील १८२ कुटुंबांपैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती; पुढील दीड दशकात ही संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. चराईबंदीमुळे डोंगरावर गवत माजले. २००० मध्ये सुमारे १०० टन असलेले गवताचे उत्पन्न २००४ मध्ये ६,००० टनांपर्यंत गेले, अशी नोंद आहे. गवत वाढले तसे दुभते वाढले. एकेकाळी दिवसास अवघे दीडशे लिटर दूध निघणाऱ्या गावातून पुढे चार हजार लिटरपर्यंत दूध निघू लागले. गाव सोडून गेलेली कित्येक कुटुंबे परत आली. श्री. पवार यांना २०२० मध्ये पद्मश्री किताब जाहीर झाला. परंतु या गौरवाहून मोठी गोष्ट अशी की, ज्याची जमीन दोन एकर आहे त्याला कार्तिकातच कळते की फाल्गुनात आपल्या विहिरीस पाणी असेल की नाही.

ताळेबंद कसा मांडावा

पाण्याचा ताळेबंद म्हणजे काही अवघड शास्त्र नव्हे. पाढे येणाऱ्या कोणत्याही माणसास तो मांडता येईल. एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी: एक हेक्टरावर एक मि.मी. पाऊस पडला म्हणजे १०,००० लिटर पाणी पडले.

आता एक कल्पित गाव घेऊ. शिवार १,००० हेक्टर, म्हणजे हिवरे बाजारहून किंचित मोठे. वर्षाचा पाऊस ४०० मि.मी. गावाची वस्ती १,२५०, लहानमोठी गुरे ५००.

शिवारात पडलेले एकूण पाणी ४०० कोटी लिटर झाले. हा आकडा ऐकून कोणासही वाटेल की एवढे पाणी असता टंचाई कसली? परंतु यातील बराचसा भाग वाफ होऊन उडून जातो, काही माती व पिके शोषून घेतात, काही ओढ्याने वाहून जातो. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात भूगर्भात खोल मुरणारा भाग ढोबळ मानाने दहावा हिस्सा धरावा. म्हणजे विहिरींच्या कणगीत आले ४० कोटी लिटर.

आता खर्च पाहू. माणशी दररोज ५५ लिटर धरले, तर १,२५० माणसांस वर्षास सुमारे अडीच कोटी लिटर लागतात. जनावरामागे दररोज ६० लिटर धरल्यास सुमारे १ कोटी १० लाख लिटर. दोन्ही मिळून ३ कोटी ६० लाख लिटर. पडलेल्या पावसाच्या शंभराव्या भागाहूनही हे कमी आहे. तरीसुद्धा उन्हाळ्यात याच गावास टँकर लागत असेल, तर पिण्याच्या वाट्याचे पाणी पिकाने प्याले, असाच त्याचा अर्थ होतो.

४० कोटींतून ३ कोटी ६० लाख वजा जाता उरले ३६ कोटी ४० लाख. त्यातील ३० टक्के शिल्लक ठेवून शेतीस मिळाले सुमारे साडेपंचवीस कोटी लिटर. हे पाणी कशास वापरावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

उसास प्रवाही पद्धतीने सुमारे २५० सें.मी. उंचीचे पाणी लागते, म्हणजे हेक्टरी अडीच कोटी लिटर. या हिशेबाने गावात फक्त १० हेक्टर ऊस होईल. हरभऱ्यास २५ सें.मी. पाणी धरले, तर हेक्टरी २५ लाख लिटर लागतात, आणि त्याच पाण्यात १०० हेक्टर हरभरा भिजेल. प्रत्येक कुटुंबाचे ओलिताचे क्षेत्र दोन एकर धरल्यास उसाच्या वाटेने बारा-तेरा कुटुंबांची सोय होते, हरभऱ्याच्या वाटेने सव्वाशे कुटुंबांची. एकरी उत्पन्न उसाचे अधिक असेल, हे खरे. परंतु जेथे जमिनीपेक्षा पाणी दुर्मिळ आहे, तेथे उत्पन्न एकरावर न मोजता पाण्याच्या घागरीवर मोजले पाहिजे.

आता त्याच गावात २०० मि.मी. पाऊस झाला असे समजा. मुरलेले पाणी २० कोटी लिटर. माणसांची व जनावरांची तहान मात्र निम्मी होत नाही. तिला ३ कोटी ६० लाख लागणारच. उरलेल्या १६ कोटी ४० लाखांपैकी शेतीस साडेअकरा कोटी मिळतात. म्हणजे हरभरा ४६ हेक्टरांवर येतो. ही गोष्ट पेरणीपूर्वी कळली, तर शेतकरी बियाण्याचा व खताचा खर्च वाचवितो. माघात कळली, तर पीक हातचे जाते आणि कर्ज मात्र डोक्यावर राहते.

हा हिशेब ढोबळ आहे. पाऊस फार थोडा किंवा फार विखुरलेला पडल्यास मुरण्याचे प्रमाण दहाव्या हिश्श्याहूनही घसरते. समतल चर व बंधारे चांगले असल्यास ते वाढते. पिकास दिलेल्या पाण्याचा काही भाग पुन्हा जमिनीत मुरतो, आणि भारी जमिनीतील ओल पिकाची काही गरज आपणच भागविते. म्हणून नेमके आकडे भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या तज्ज्ञांकडून तपासून घ्यावेत. परंतु तपासणीची वाट पाहत हिशेब मांडण्याचेच टाळू नये. अजिबात अंदाज नसण्यापेक्षा ढोबळ अंदाज केव्हाही बरा.

नियमांचा भार कोणावर

पाण्याच्या शिस्तीचे गुणगान करणे सोपे आहे, परंतु तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही, ही गोष्ट ग्राम कार्यकर्त्यांनी कधीही विसरू नये. चराईबंदी लागू होते, तेव्हा ज्याची गाय गोठ्यात वैरण खाते त्याचे फारसे बिघडत नाही. पण ज्या भूमिहीनाच्या चार शेळ्या डोंगरावर चरतात, किंवा ज्या धनगराची मेंढरे माळावर फिरतात, त्याची चूल त्याच दिवशी अडचणीत येते. चरांच्या कामाची मजुरी दोन-तीन वर्षांत संपते, आणि पाणी वाढल्याचा लाभ तर ज्याच्यापाशी जमीन व विहीर आहे त्यालाच होतो. तेव्हा बंदीचा ठराव मांडण्यापूर्वीच, डोंगरावरील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांस देणे, डोंगर एकदम बंद न करता भागाभागाने बंद करणे, आणि शेळ्यांच्या बदल्यात दुसरे उत्पन्न उभे राहीपर्यंत गावातील कामांवर त्यांना प्राधान्य देणे, या गोष्टी ठरल्या पाहिजेत. ज्याने सर्वाधिक सोसले त्याच्या पदरात काही पडले नाही, तर बंदी रात्रीच्या अंधारात मोडली जाते.

पाण्याची न्याय्य वाटणी करता येते, याचे उदाहरण शेजारच्या पुणे जिल्ह्यात आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाण्याचा हक्क जमिनीच्या प्रमाणात न देता घरातील माणसांच्या संख्येवर दिला गेला. माणशी अर्धा एकर आणि कुटुंबास जास्तीत जास्त अडीच एकर भिजेल इतकेच पाणी. भूमिहीनासही पाण्याचा हक्क. आणि उसास मनाई. मोठ्या खातेदाराची सारी जमीन भिजली नाही, परंतु लहानाची भाकर पक्की झाली. प्रत्येक गावास ही रीत जशीच्या तशी लागू पडेल असे नाही. तथापि पाण्यावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न ग्रामसभेत उघडपणे विचारण्याचे धैर्य त्या प्रयोगाने शिकविले.

वाट्यास आलेले पाणी पुरवावे कसे

ताळेबंदाने पाण्याची मर्यादा घातली, की त्या मर्यादेत अधिकाधिक पिकविणे हे शेतकऱ्याचे कौशल्य होय. त्यासाठी पुढील गोष्टी उपयोगी पडतात.

पहिली गोष्ट, आपल्या रानातील पाऊस आपल्या रानातच मुरवावा. नांगरट व पेरणी उताराला आडवी करावी. रब्बी ज्वारीच्या रानात पेरणीपूर्वी, पावसाळ्यातच सारे पाडून किंवा सुमारे दहा मीटर लांबी-रुंदीचे वाफे करून पाणी अडवावे. पेरणीच्या वेळी वाफे मोडून ओलीवर पेरणी करावी.

दुसरी गोष्ट, जमिनीची खोली पाहून वाण निवडावा. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने रब्बी ज्वारीसाठी हलक्या जमिनीस 'फुले अनुराधा', मध्यम जमिनीस 'फुले सुचित्रा' आणि भारी जमिनीस 'फुले वसुधा' हे वाण दिलेले आहेत. 'मालदांडी' तर या भागातील शेतकऱ्यांची जुनी ओळखीची आहे. पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात पुरी करावी. ज्वारी माणसास भाकर व जनावरास कडबा देते. ज्याच्या दारी दुभते जनावर आहे, त्याने कडब्याची किंमत विसरून पिकाचा हिशेब करू नये.

तिसरी गोष्ट म्हणजे कोळपणी. पेरणीनंतर सुमारे तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने पहिली, पाचव्या आठवड्यात दुसरी आणि आठव्या आठवड्यात दातेरी कोळप्याने तिसरी कोळपणी करावी. कोळपणीने तण जाते, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे भेगा बुजतात आणि वरची भुसभुशीत माती पांघरुणासारखी होऊन ओल उडू देत नाही. ज्याच्या विहिरीस पाणी नाही, त्याला ही कोळपणी एका पाळीचे काम देते.

चौथी गोष्ट, पाणी पिकाच्या गरजेच्या वेळी द्यावे. ज्वारीस दोनच पाणी देणे शक्य असेल, तर पहिले पेरणीनंतर २८ ते ३० दिवसांनी व दुसरे पीक पोटरीत असता ५० ते ५५ दिवसांनी द्यावे. मध्यम जमिनीतील हरभऱ्यास दोन पाणी असल्यास पहिले ३० ते ३५ दिवसांनी आणि दुसरे ६० ते ६५ दिवसांनी द्यावे. हरभऱ्यास तुषार सिंचन आणि कांद्यास ठिबक वा तुषार सिंचन वापरल्यास पाण्याची चांगली बचत होते. मात्र वाचलेल्या पाण्यावर लगेच आणखी क्षेत्र भिजविले, तर विहिरीत शिल्लक काहीच राहत नाही. ठिबकच्या नळ्या घातल्या म्हणून ताळेबंदाची गरज संपली, असे समजणे चूक आहे.

पाचवी गोष्ट, सारी भिस्त एका पिकावर ठेवू नये. दोन एकरांत ज्वारी, हरभरा, थोडा चारा, बांधावर शेवगा व गिरिपुष्प, घरामागे सांडपाण्यावर भाजीचे वाफे आणि दारी एखादे दुभते जनावर, अशी बैठक असेल, तर एका बाजारभावाने वा एका पाळीच्या चुकण्याने घर बसत नाही. शेणखत व गिरिपुष्पाचा पाला मातीत गेल्याने जमिनीची ओल धरून ठेवण्याची शक्तीही वाढते.

ग्राम कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

ताळेबंदाची सुरुवात एका पर्जन्यमापकापासून होते. तो शाळेच्या मोकळ्या आवारात, झाडे व भिंती यांपासून दूर बसवावा आणि रोज सकाळी साडेआठ वाजता मोजणी करून आकडा फळ्यावर लिहावा. हे काम वरच्या वर्गातील मुलामुलींवर सोपविल्यास घरोघरी आपोआप वार्ता पोहोचते.

त्यानंतर शिवाराच्या वरच्या, मधल्या व खालच्या भागातील काही विहिरी निरीक्षणासाठी निवडाव्यात. दोरीस वजन बांधून, पंप सुरू होण्यापूर्वी सकाळी, काठापासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. निदान ऑक्टोबर व मे या दोन महिन्यांत तरी ही मोजणी चुकवू नये. दोन-तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की आपल्या गावास कोणत्या पावसात किती पाणी मिळते, हे गावच सांगू लागते. केंद्र शासनाने डिसेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रासह सात राज्यांसाठी आरंभिलेल्या अटल भूजल योजनेतही गावाने आपल्या पाण्याचा अंदाज स्वतः बांधावा, यावरच भर देण्यात आला.

रब्बीच्या पेरणीपूर्वी ग्रामसभा बोलावून हे आकडे मोठ्या अक्षरांत मांडावेत. सभेस महिला अगत्याने असाव्यात. पाण्याची पहिली झळ हंडा वाहणारीस लागते, आणि पिण्याच्या पाण्याचा वाटा आधी काढून ठेवण्याचा आग्रह तीच धरते. सभेत हुकूम सोडू नये. आकडे सांगावेत, दोन-तीन पर्याय ठेवावेत आणि निर्णय गावावर सोपवावा. पहिल्या वर्षी सर्वजण ऐकतील अशी अपेक्षा धरू नये. परंतु ज्या वर्षी अंदाज खरा ठरेल आणि ज्यांनी तो मानला त्यांचे पीक वाचेल, त्याच्या पुढील वर्षी सभेस गर्दी होईल.

हिवरे बाजारचा पाऊस वाढलेला नाही. त्याचे डोंगरही इतरांसारखेच उघडेबोडके होते. तेथे फरक पडला तो कणगी भरल्यावर तिची मोजदाद करण्याने आणि मोजदादीप्रमाणे हात आवरण्याने. दुष्काळी तालुक्यांतील प्रत्येक गावास हे साधण्यासारखे आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी शाळेच्या आवारात एक पर्जन्यमापक व एक फळा, एवढ्याने या कामास प्रारंभ करावा. ज्या घरातील माणसे दरवर्षी दिवाळीत कुलूप लावून बाहेर पडतात, त्या घराचे कुलूप कायमचे निघावे, एवढे फळ त्यातून मिळाले तरी श्रम सार्थकी लागले असे म्हणता येईल.